सेजब्रशच्या माळावरची लिली

सॉल्ट लेक सिटीला विमानातून उतरून मोटारीने यलोस्टोनकडे निघणाऱ्या मराठी प्रवाशांना वाटेत करड्या-हिरव्या झुडपांचे लांबच लांब माळ लागतात. मधे मधे उघडी माती, दूरवर डोंगर. ओसाड जागा समजून बहुतेक जण न थांबता पुढे जातात. मे ते जुलै या काळात मात्र त्याच झुडपांच्या आडोशाला पश्चिम अमेरिकेतलं एक अतिशय देखणं रानफूल उमललेलं असतं. ते म्हणजे सेगो लिली, युटा राज्याचं राज्यफूल. तिच्या बहिणी आयडाहो, नेवाडा, ऑरेगन, वॉशिंग्टन असं करत थेट कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियापर्यंत पसरल्या आहेत. एकमेकींशी त्यांचं इतकं साम्य आहे की नवख्या माणसाची हमखास फसगत होते. शिवाय त्याच माळावर एक विषारी कंदही वाढतो. म्हणून ही फुलं नीट ओळखायला शिकलं पाहिजे. त्यासाठीचा पहिला नियम सोपा आहे: रंगावर जायचं नाही, पाकळीच्या तळाशी बघायचं.

आधी माळ ओळखा

सेजब्रशचं शास्त्रीय नाव आर्टेमिसिया ट्रायडेंटाटा. त्याच्या रुपेरी पानाच्या टोकाला तीन दाते असतात, एवढी खूण पुरते. पान चुरगळलं की उग्र वास येतो. चैत्रात जोतिबाला वाहतात तो आपला दवणाही याच आर्टेमिसिया प्रजातीतला.

या मुलखात वर्षाकाठी साधारण २० ते ३५ सेंटीमीटर पाणी पडतं आणि त्यातलं बरंचसं हिवाळ्यात बर्फाच्या रूपाने. वसंतात बर्फ वितळतं, जमीन काही आठवडे ओली राहते आणि जुलैपर्यंत पुन्हा कोरडीठाक होते. लिलीचं सगळं आयुष्य या वेळापत्रकाला बांधलेलं आहे. कंद जमिनीत खोलवर असतो. ओल मिळताच गवतासारखी एक-दोन अरुंद पानं वर येतात, कंदात अन्न साठवतात आणि बहुधा फूल उमलेपर्यंत वाळायला लागतात. त्यामुळे भर उन्हाळ्याच्या तोंडावर, पानं जवळजवळ नसलेल्या बारीक दांड्यावर टपोरं फूल दिसतं. हीच या लिलीची दुरूनची खूण.

तीन, तीन आणि सहा

आता गुडघे टेकून फुलात डोकवा. बाहेरच्या बाजूला तीन अरुंद, टोकदार निदलं आणि आत तीन रुंद पाकळ्या. मधोमध सहा पुंकेसर आणि तीन भागांत फाकलेली कुक्षी. हा हिशेब जुळला तर आपण कॅलोकॉर्टस या प्रजातीपाशी पोहोचलो. याच माळावर पांढरी फुलं देणारी ईव्हनिंग प्रिमरोझ वाढते, पण तिला चार पाकळ्या असतात. पांढऱ्या फुलांचा काटेरी प्रिकली पॉपीही दिसतो. तो आपल्याकडच्या पिवळ्या धोत्र्याचा सख्खा नातेवाईक. त्याच्या फुलात मात्र पुंकेसरांचा दाट पिवळा झुबका असतो. सहाच पुंकेसर मोजता आले, की ही दोन्ही बाजूला पडतात.

कॅलोकॉर्टसच्या सत्तरच्या आसपास जाती आहेत आणि त्या कॅनडाच्या नैर्ऋत्य भागापासून ग्वाटेमालापर्यंत आढळतात. सगळ्यात जास्त कॅलिफोर्नियात. शास्त्राच्या पुस्तकात ही प्रजाती आली ती लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेमुळे. मेरीवेदर लुईस यांनी १८०६ मध्ये आयडाहोत क्लिअरवॉटर नदीच्या परिसरात गोळा केलेल्या नमुन्यावरून फ्रेडरिक पर्श यांनी १८१४ मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढे मॅरियन ओनबी यांनी १९४० मध्ये संपूर्ण प्रजातीचा सविस्तर अभ्यास छापला. आजही जाती ठरवताना अभ्यासक त्याचा आधार घेतात.

ओनबींच्या वर्णनांत पाकळीच्या तळाशी असलेल्या ग्रंथीला मोठं स्थान आहे. प्रत्येक पाकळीच्या आतल्या बाजूला, अगदी बुडाशी, मध स्रवणारी एक छोटी खळगी असते. ती गोल आहे की आडवी लांबट, तिच्याभोवती झालर आहे का, वरती केस आहेत का, गडद पट्टा कुठे आहे, यावरून जात ठरते. पाकळीचा रंग एकाच जातीत पांढऱ्यापासून फिकट जांभळ्यापर्यंत बदलू शकतो. ग्रंथीची ठेवण मात्र सहसा बदलत नाही, म्हणून भिंग जवळ ठेवावं.

बहिणी-बहिणींतला फरक

सेगो लिली म्हणजे कॅलोकॉर्टस नटॅलिआय. थॉमस नटॅल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून हे नाव पडलं. पाकळ्या पांढऱ्या, क्वचित जांभळट झाक असलेल्या. बुडाशी पिवळा रंग, ग्रंथी गोल आणि झालरीने वेढलेली, तिच्या वर तांबूस तपकिरी किंवा जांभळी कोर. निदलं पाकळ्यांपेक्षा सहसा आखूड.

उत्तरेकडे, कोलंबिया नदीच्या पठारावर गेलात तर भेटते ती सेजब्रश मारिपोसा, म्हणजे कॅलोकॉर्टस मॅक्रोकार्पस. डेव्हिड डग्लस या स्कॉटिश संग्राहकाने १८२८ मध्ये तिचं वर्णन केलं. तिची निदलं लांब, निमुळती आणि बहुधा पाकळ्यांच्याही पुढे आलेली असतात. पाकळ्या फिकट जांभळ्या आणि प्रत्येकीच्या पाठीवर मधोमध हिरवी रेघ. फूल वरूनच पाहिलं तर ही रेघ सुटते, तेव्हा बाजूनेही बघा. ही उशिरा, जून ते ऑगस्टमध्ये फुलते. इतर बरीच रानफुलं तोवर संपलेली असतात.

ब्रूनो मारिपोसा ही नेवाडा, आयडाहो, ऑरेगन भागातली जात सेगो लिलीच्या इतकी जवळची, की पूर्वी तिला तिचाच एक प्रकार मानत. पाकळीच्या पाठीवरची हिरवी रेघ तिला वेगळी काढते. रॉकी पर्वताच्या बाजूला, थोड्या उंचीवर गनिसन मारिपोसा येते. तिची ग्रंथी गोल नसून आडवी लांबट आणि केसाळ असते.

फूल गळून गेलं असेल तरी निराश व्हायचं कारण नाही. सेगो लिली आणि सेजब्रश मारिपोसा या दोघींचं बोंड अरुंद, तीन धारांचं आणि ताठ उभं असतं. लुईस यांना सापडलेल्या जातीच्या गटात बोंडाला तीन पंख असतात आणि ते पुष्कळदा खाली झुकतं.

लिलिएसी कुलातलं आणखी एक फूल इथे बर्फ वितळताच, म्हणजे या सगळ्यांच्या आधी येतं. यलो बेल, अर्थात फ्रिटिलारिया प्युडिका. खाली मान घातलेलं पिवळं, घंटेसारखं हे फूल जुनं होताना विटकरी तांबडं होतं. त्याच्या सहाही पाकळ्या सारख्याच असतात, त्यामुळे कॅलोकॉर्टसशी गोंधळ होत नाही.

ज्या कंदाने जगवलं आणि जो मारतो

सेगो हे नाव शोशोनी आणि त्यांच्या भाषाभगिनींमधून आलेलं. शोशोनी, यूट, पायूट हे लोक टोकदार काठीने हे कंद उकरून काढत, भाजून किंवा उकडून खात. मॉर्मन पंथाचे वसाहतकार जुलै १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरले. पुढच्याच वर्षी थंडीचा कडाका, दुष्काळ आणि पिकांवर तुटून पडलेले किडे यांनी त्यांची पहिली शेती खाल्ली. १८४८-४९ च्या टंचाईत इथल्या मूळ रहिवाशांच्या या जुन्या अन्नाने त्यांना तगवलं. १९११ मध्ये युटाने सेगो लिलीला राज्यफुलाचा मान दिला, त्यामागे ही आठवण आहे. त्या मानात कंदाची ओळख ज्यांनी जपली होती त्या लोकांचाही वाटा आहे, हे विसरता कामा नये.

पण हीच कथा वाचून कोणी कंद खाऊन पाहायला गेलं तर जिवावर बेतू शकतं. त्याच माळावर डेथ कॅमस, म्हणजे टॉक्सिकोस्कॉर्डिऑन, वाढतो. त्यातलं झायगॅसिन हे विष माणसाला आणि जनावरांना मारक आहे. वसंतात दुसरा हिरवा चारा नसताना मेंढ्या त्याची पानं खाऊन दगावतात. फुलांवर असताना तो सहज ओळखू येतो: दांड्यावर लहान, मलईच्या रंगाच्या फुलांचा तुरा, सहाही पाकळ्या सारख्या. खरा धोका फुलं नसताना. पानं अरुंद आणि मधोमध दुमडलेली, कंद कांद्यासारखा. रानकांद्याला कांद्याचा वास येतो, डेथ कॅमसला येत नाही. पण रानकांदे उकरताना हातालाच कांद्याचा वास लागलेला असेल तर ही खूणही फसवते. म्हणून या माळावरचा कोणताही कंद तोंडात घालायचा नाही.

डेथ कॅमसलाही पूर्वी लिलिएसी कुलातच धरत. आता तो मेलॅन्थिएसी या वेगळ्या कुलात गेला आहे. आपली कळलावी अशीच लिलिएसीतून कोल्चिकेसी कुलात गेली, आणि तिचा कंदही विषारीच.

उपटू नका, नोंदवा

या माळावरचं मोठं संकट म्हणजे चीटग्रास हे युरेशियातून आलेलं गवत. ते उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच वाळतं आणि वणव्याला इंधन पुरवतं. जळालेलं मोठं सेजब्रश बुंध्यातून पुन्हा फुटत नाही, त्याला बियांपासूनच उगवावं लागतं. चीटग्रास मात्र लगेच माजतं, आणि पुढचा वणवा आणखी लवकर लागतो. जमिनीखालचा कंद एखाद्या आगीतून वाचेलही, पण गवताच्या गर्दीत बियांची नवी रोपं तगणं अवघड होतं. बीपासून फुलापर्यंत यायला या लिलीला कित्येक वर्षं लागतात, त्यामुळे झालेली हानी लवकर भरून निघत नाही.

बागेत लावण्यासाठी कंद उकरून नेण्याचा मोहही टाळायला हवा. उन्हाळ्यात त्याला कोरडी विश्रांती लागते, आणि बागेतल्या रोजच्या पाण्याने तो कुजतो. फूल तोडणंही नको, कारण त्यासोबत त्या वर्षीचं बी जातं.

त्याऐवजी चार छायाचित्रं घ्या: वरून पाकळीच्या तळाची ग्रंथी दिसेल असं, बाजूने निदलं आणि पाकळीची पाठ, खाली पानं, आणि आजूबाजूचा माळ. तारीख आणि जागा लिहून ठेवा. बर्कलीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून २००८ मध्ये सुरू झालेल्या आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर ती टाकली, तर जाणकार नाव पक्कं करायला मदत करतात, आणि धोक्यात आलेल्या जातींची नेमकी जागा तिथे झाकून ठेवता येते.

जमलं तर पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी पुन्हा जा. फूल दिसलं नाही तर ते संपलं असं लगेच समजू नका, कारण कोरड्या वर्षी कंद फुलायचं टाळून जमिनीखाली थांबू शकतो. एका फेरीच्या नोंदीवरून काही ठरत नाही. चार-पाच उन्हाळ्यांच्या नोंदी एका जागेवरून हाती आल्या, की लिली नुसती विसावली आहे की चीटग्रासने तिची जागा घेतली, हे अभ्यासकांना सांगता येतं.