पत्र डब्लिनमध्ये, वॉरंट न्यूयॉर्कचे

पोलिसांना एखाद्या घराची झडती घ्यायची असेल तर वॉरंट लागते. त्यात काय असावे हे अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौथ्या दुरुस्तीने १७९१ मध्ये ठरवून दिले. संशयाला सबळ कारण हवे, ते शपथेवर सांगितलेले हवे आणि कोणती जागा झडायची, काय जप्त करायचे, हे नेमके लिहिलेले हवे. घराला किंवा कपाटाला हा नियम सहज लागू पडतो. कारण कपाट एका वेळी एकाच जागी असते. पण ई-मेल नेमकी कोठे असते?

हा प्रश्न डिसेंबर २०१३ मध्ये उभा राहिला. अमली पदार्थांच्या एका तपासात न्यूयॉर्कच्या दंडाधिकाऱ्याने मायक्रोसॉफ्टच्या नावे वॉरंट काढले. खात्याविषयीची अमेरिकेत असलेली माहिती कंपनीने दिली. पत्रांचा मजकूर मात्र आयर्लंडमध्ये, डब्लिन येथील संगणकांवर होता. तो देण्यास तिने नकार दिला.

मजकूर तेथे का गेला? खाते उघडताना ग्राहक जो देश सांगेल, त्याच्या जवळच्या केंद्रात कंपनी पत्रे ठेवत असे. संदेशाला जितके कमी अंतर कापावे लागते, तितका वेळ वाचतो. तरीही हा वेळ किती? डब्लिन ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे ५ हजार किलोमीटर. प्रकाशतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. भागाकार केला तर उत्तर येते, सेकंदाचा चाळिसावा भाग!

सरकारचे म्हणणे असे, की कंपनी अमेरिकेत आहे, तिचा कर्मचारी येथे बसूनच पत्र मागवू शकतो; मग परदेशात झडती झालीच कोठे? कंपनीचे उत्तर असे, की पत्र जेथे आहे तेथेच झडती होते आणि तेथे आयर्लंडचा कायदा चालतो. दूरस्थ पत्रांविषयीचा अमेरिकेचा कायदा १९८६ चा. तो परदेशातही लागू आहे असे त्यात म्हटलेले नाही, म्हणून २०१६ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियात गूगलच्या बाबतीत उलट निर्णय झाला. गूगलची यंत्रणा माहितीचे तुकडे करून ते आपोआप या देशातून त्या देशात हलवीत असे. अशा वेळी वॉरंटात कोणत्या देशाचे नाव घालणार?

अखेर मार्च २०१८ मध्ये ‘क्लाउड’ कायदा झाला. माहिती कोठे आहे हे न पाहता ती कोणाच्या ताब्यात आहे हे पाहायचे, असे त्याने ठरवले. परदेशी कायद्याशी संघर्ष होत असल्यास ठरावीक परिस्थितीत कंपनीला न्यायालयात दाद मागता येते. मूळ वादात काही उरले नाही म्हणून एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाली काढला.

प्रश्न मात्र उरतोच. घराची झडती होते तेव्हा दारावर थाप पडते. येथे कागद जातो तो कंपनीकडे. खातेदाराला कळवण्याचे बंधन या कायद्यात सरकारवर नाही. म्हणून ‘काय जप्त करायचे’ हे नेमके लिहिण्याचे महत्त्व आता अधिकच वाढले आहे. वर्षानुवर्षांची सगळी पत्रे, की ठरावीक काळातील ठरावीक पत्रे?

वर्गात मुलांना विचारून पाहा: तुमचे पत्र नेमके कोठे आहे? उत्तरे ऐकताना भूगोल, भौतिकी आणि नागरिकशास्त्र एकाच तासात शिकवून होईल.