डेलॉस: अपोलोचे जन्मस्थान

एजियन समुद्रातील डेलॉस हे जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचे खडकाळ बेट. अपोलो आणि आर्टेमिस ही जुळी दैवते इथेच जन्मली, अशी प्राचीन ग्रीकांची श्रद्धा होती. क्रूझचे प्रवासी मिकोनॉसला उतरून छोट्या बोटीने अर्ध्या तासात इथे पोहोचतात. मुक्कामाला परवानगी नाही, त्यामुळे सकाळची पहिली बोट धरणेच उत्तम. सावली जवळजवळ नाहीच.

या भूमीचे पावित्र्य ग्रीकांनी कसोशीने जपले. इ. स. पू. ४२६ मध्ये अथेन्सने इथल्या साऱ्या कबरी उकरून अवशेष शेजारच्या रिनिया बेटावर हलवले. त्यानंतर डेलॉसवर जन्म आणि मृत्यू दोन्ही निषिद्ध ठरले. पुढे रोमनांनी बंदर करमुक्त केले आणि तीर्थक्षेत्राची मोठी बाजारपेठ झाली; गुलामांचीसुद्धा. इ. स. पू. ८८ आणि ६९ मधील हल्ल्यांनंतर मात्र शहर ओस पडत गेले.

नॅक्सॉसवासीयांनी अर्पण केलेले संगमरवरी सिंह इथले सर्वांत प्रसिद्ध शिल्प. मूळ सिंह संग्रहालयात आहेत, उघड्यावर प्रतिकृती. पण खरे रेंगाळावे ते व्यापाऱ्यांच्या घरांत. चौकाभोवती खांब, चौकाखाली पावसाच्या पाण्याचे टाके आणि ‘डायोनिससच्या घरा’त वाघावर स्वार झालेल्या पंखधारी देवाचे मोझेक! बारीक खड्यांनी साधलेल्या त्यातील छटा जवळून पाहाव्यात. फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी १८७० च्या दशकात सुरू केलेले संशोधन अजूनही चालू आहे. १९९० पासून हे बेट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.