आधी प्रश्न तपासा: डिझाइन थिंकिंग आणि वाशिमचं पाणी

परदेशी शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्या मुलांना एक प्रश्न हमखास येतो: शिकून आल्यावर आपल्या भागासाठी काय करणार? वाशिमकडचा मुलगा असेल तर लिहितो, आमच्याकडे पाणी कमी आहे, मी पाण्यावर काम करीन. उत्तर प्रामाणिक आहे. पण डिझाइन थिंकिंग नावाची जी पद्धत तो तिथे शिकतो, ती हेच वाक्य आधी खोडायला सांगते. का, ते आज आपण पाहू.

डिझाइन म्हटलं की आपल्याला साडीचा काठ आठवतो. इथे अर्थ वेगळा आहे. स्टॅनफर्डच्या 'डी-स्कूल'मधून जगभर गेलेली ही रीत अशी: ज्याचं दुखणं आहे त्याच्याजवळ बसून ते समजून घ्यायचं, प्रश्न नेमका मांडायचा, उपाय भरपूर सुचवायचे, स्वस्तातला कच्चा नमुना करायचा आणि तो वापरणाऱ्याच्या हाती देऊन पाहायचा. जमलं नाही, तर पुन्हा मागे. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हे ओळखीचं वाटतं. जॉन ड्यूई यांनी १९१० च्या 'हाऊ वुई थिंक'मध्ये विचाराच्या पाच पायऱ्या सांगितल्या होत्या. पहिली, काहीतरी अडतंय हे जाणवणं. दुसरी, नेमकं कुठे अडतंय ते ठरवणं. ही दुसरी पायरी आपण बहुतेक वेळा गाळतो.

हे ड्यूई कोलंबिया विद्यापीठात शिकवत असताना, १९१३ साली, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर तिथे पोचले आणि पुढे ड्यूईंचे विद्यार्थी झाले. भारतात परतल्यावर १९१८ मध्ये त्यांनी लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. जाणकार तेव्हा म्हणत होते, शेतीचे फार तुकडे झालेत, ते जोडा, मोठे करा. आंबेडकरांनी प्रश्नालाच हात घातला. शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्यावर भांडवल किती, अवजारं किती, राबणारी माणसं किती, या प्रमाणावर ठरतं. जमिनीवर माणसांचा भार फार आणि हातांना पुरेसं काम नाही, हे खरं दुखणं. म्हणून मुख्य उपाय उद्योगधंदे वाढवण्यात आहे. हे ड्यूईंमुळेच सुचलं असं आम्ही म्हणणार नाही. पण दुसरी पायरी म्हणतात ती ही.

आता वाशिमकडे या. हा जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसलाय. इथे उगम पावणारी काटेपूर्णा पूर्णेवाटे तापीला मिळते, तिचं पाणी अरबी समुद्राकडे. पैनगंगा, अडाण, अरुणावती यांचं पाणी गोदावरीवाटे बंगालच्या उपसागराकडे. खाली बेसॉल्टचा कातळ. भेगा किंवा झिजलेला थर असेल तिथेच पाणी मुरतं. म्हणजे पाऊस पडतो, पण पाणी थांबत नाही. एवढं म्हटलं तरी उपाय बदलतो. मग आणखी विचारा: मे महिन्यात हंडा कोण आणतं, किती वाजता? विहिरीला पाणी असेल, तर ते कुणाच्या मोटारीने कुठल्या पिकाला जातं? तेव्हा कळतं की काही ठिकाणी पाणी थांबलेलं असतं, वाटलं गेलेलं नसतं.

विद्यार्थी म्हणतो, मी त्याच गावचा, मला वेगळं काय समजून घ्यायचंय? इथेच तो फसतो. त्याची आठवण शाळेतल्या दिवसांची. मधल्या काळात कपाशी-ज्वारीच्या रानात सोयाबीन आलं, बोअर खोल गेले. शिवाय घरात पाणी भरलं आईने, आणि तिला त्याबद्दल त्याने कधी विचारलेलंच नसतं. लंडनहून का होईना, फोन लावून तिला एका दिवसाचा हिशेब सांगायला लावणं, हा त्याचा पहिला अभ्यास.

एका बाबतीत मात्र आम्ही तिथल्या वर्गाशी भांडू. 'लवकर चुका आणि शिका' असं तिथे मोठ्या कौतुकाने सांगतात. वर्गात चुकलं तर आठवडा जातो. रिसोडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचं खरीप चुकलं तर वर्ष जातं. म्हणून नमुना करायचा तो एखाद्या बांधापुरता, नाल्याच्या एका तुकड्यापुरता. आणि नुकसान झालं तर ते कोण भरून देणार, हे शेतकऱ्यासमोर आधी ठरवून.