पंचवीस टक्के कशाचे?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लिगो वेधशाळा होते आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने तिच्यासाठी सुमारे 2,600 कोटी मंजूर केले. लहान उद्योगांना पंचवीस टक्के खरेदी राखीव, म्हणजे साडेसहाशे कोटी हिंगोलीचे, असा हिशेब मांडायचा मोह होतो. तो चुकीचा आहे. 2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणातलं हे उद्दिष्ट (2019 पर्यंत 20 टक्के) केंद्रीय खात्यांच्या आणि सार्वजनिक कंपन्यांच्या वर्षभराच्या एकूण खरेदीचं आहे. एकेका प्रकल्पाचं नाही, आणि जिल्ह्याचा कोटा तर त्यात नाहीच. जिल्हा परिषदेची खरेदी राज्याच्या नियमांनी चालते.

‘लहान उद्योगाला चढा भाव मिळतो’, हा दुसरा समज. समजा, हळद पावडरीची निविदा निघाली. मोठ्या कंपनीचा दर किलोला 200 रुपये, वसमतच्या गिरणीचा 224. फरक 15 टक्क्यांच्या आत आहे, म्हणून गिरणीला विचारलं जातं: 200 ला देता का? हो म्हटलं तर किमान चौथा हिस्सा तिला. 224 कुणीच देत नाही. मिळते ती दुसरी संधी. त्या दरात परवडतं का, हे निविदा भरण्याआधीच पाहिलेलं बरं. बयाणा रक्कम माफ होते, निविदेचे कागदही फुकट मिळतात. तेवढं भांडवल मोकळं राहतं, आणि लहान माणसाला तेच महत्त्वाचं.

या सवलतींसाठी उद्यम नोंदणी लागते. मोंढ्यातल्या व्यापाऱ्यालाही ती मिळते, पण बँक कर्जासाठी. खरेदीतली सवलत माल तयार करणाऱ्याला किंवा सेवा देणाऱ्याला. नोंदणीला शुल्क नाही. त्यासाठी पैसे मागणारा एजंट स्वतःची फी घेतोय.

‘सरकारी बिल म्हणजे वर्षभर वाट पाहणं’, हे मात्र निव्वळ गैरसमज म्हणून झटकता येणार नाही. तरी 2006 च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं, लेखी करार नसेल तर 15. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज चढतं. खरेदीदार राज्य सरकारचं खातं असलं तरी हेच लागू. दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. पोचल्यावर 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचला तोच दिवस धरतात. म्हणून चलनावर तारीख, सही, शिक्का घेतल्याशिवाय गाडी परत आणू नये.