डांग्या खोकल्याच्या जंतूची पकड

गवताळ माळावरून चालत आले म्हणजे धोतराला कुसळे चिकटतात. हातातल्या पितळी तांब्याला मात्र एकही चिकटत नाही. धाग्यात कुसळ अडकते. गुळगुळीत पितळेवर त्याला थारा नाही. रोगजंतूंचेही काहीसे असेच आहे. शरीरात शिरला की जंतूचे काम फत्ते झाले, असे नव्हे. त्याला आधी धरून बसायला जागा हवी.

डांग्या खोकल्याचा जंतू घ्या. बोर्दे आणि झांगू या शास्त्रज्ञांनी १९०६ साली तो प्रयोगशाळेत वाढवून दाखविला. आपल्या श्वासनलिकेला आतून अतिशय बारीक लव असते. वाऱ्यावर पीक डोलावे तशी ती सारखी हलते आणि धूळ, कफ, जंतू यांना घशाकडे लोटते. पण या जंतूच्या अंगावर धाग्यांसारखी प्रथिने असतात. लव असलेल्या पेशींच्या पृष्ठभागाशी ती नेमकी जुळतात. म्हणून लवेने कितीही लोटले तरी जंतू हलत नाही. हा जंतू माणसालाच धरतो. गुराढोरांत तो नांदत नाही.

एकदा ठाण मांडले की तो विष सोडतो. लवेच्या पेशी मरून गळतात, कफ साचतो आणि तो काढायला खोकल्यावाचून दुसरा उपाय उरत नाही. औषधाने जंतू मरतात, पण लव पुन्हा उगवायला काही आठवडे लागतात. म्हणून उशिरा औषध दिले तर खोकला लगेच थांबत नाही.

मग पकड बसण्याआधीच अडविली तर? लस तेच करते. आपल्या सरकारी लसीत हे जंतू मारून घातलेले असतात. शरीर त्यांची प्रथिने ओळखून ठेवते. पुढे खरा जंतू आला की रक्तातली प्रतिद्रव्ये त्या प्रथिनांवर जाऊन बसतात, आणि त्याची पकड ढिली पडते.

ही लस दीड, अडीच व साडेतीन महिन्यांना, पुढे सोळा ते चोवीस महिन्यांत आणि पाच-सहा वर्षांच्या वयात द्यायची असते. शेवटची मात्रा पुष्कळदा राहून जाते. शिक्षकांनी पहिलीत येणाऱ्या मुलाचे लसीचे कार्ड जरूर पाहावे. घरातल्या थोरामोठ्यांचा खोकलाही तान्ह्याला लागू शकतो. तान्हे मूल खोकतेच असे नाही. त्याचा श्वास अडतो, ते निळे पडते. असे दिसताच क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना गाठावा.