‘फुलराणी’तील खेळ आणि पादाकुलक

बालकवींची ‘फुलराणी’ हे बालगीत मानावे की प्रणयकाव्य, ह्या प्रश्नाचा निर्णय केवळ आशयावरून होत नाही. आरंभी हिरवळीवर खेळणारी अजाण बालिका अखेरीस रविकराची वधू होते. तेव्हा बाल्य संपले, असे सहज म्हटले जाते. छंदाची साक्ष मात्र निराळी आहे.

कवितेचे मात्रावृत्त पादाकुलक होय. चरणात १६ मात्रा, चार-चारांचे चार गट आणि आठव्या मात्रेनंतर किंचित विसावा. नायिकेचे नावच जणू ह्या मापाने बेतले आहे. ‘फुलराणी’च्या मात्रा ६, ‘ला’ हा प्रत्यय जोडला की ८, म्हणजे नेमका अर्धा चरण. कवीने ते वारंवार चरणान्ती योजिले आहे.

काही चरणांची मोजणी १५ मात्रांवरच थांबते. विद्यार्थी येथे घाईने छंदोभंग नोंदवितात, ते योग्य नव्हे. उदाहरण कवीच्या खानदेशातलेच घ्यावे. १८९० साली बालकवी धरणगावी जन्मले, तेव्हा धरणगाव आणि नंदुरबार एकाच खानदेश जिल्ह्यात होते. (नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९८ साली.) ‘नंदुरबार’ ह्या शब्दाच्या मात्रा ७, परंतु चरणान्ती ‘र’ लांबविला की ‘नंदुर’ आणि ‘बार’ असे चार-चारांचे दोन गट पुरे होतात. ‘फुलराणी’तील उणी मात्राही अशीच, म्हणताना भरून निघते.

यमक लगतच्या दोन चरणांचे. पुष्कळदा ते प्रत्ययावरच भागते. कोठे तर केवळ अखेरचे अक्षर जुळते. पंडिती कसोटीला हे उणे ठरेल. पण टाळ्यांच्या खेळात कान वाट पाहतो ती फेर पुरा होण्याची, आणि त्यास एवढी जुळणी पुरते.

खरी परीक्षा विवाहप्रसंगी आहे. मंगलाष्टकांचे रूढ वृत्त शार्दूलविक्रीडित. चरणात १९ अक्षरे, चाल गंभीर. दवाचा अंतरपाट दूर होतो तेथे वृत्तपालट करण्यास कवीला निमित्त होते. त्याने तो केला नाही. हिरवळीवरच्या खेळाची लय तीच लग्नाची, त्यामुळे हे लग्न भातुकलीतले राहते. रविकराच्या भेटीच्या चरणातही नायिकेचे नाव आपल्या ८ मात्रा घेऊन त्याच उत्तरार्धात येते.