गोड्या पाण्याच्या वाटेनें

वऱ्हाडांतील सुशिक्षित घरांत सुटीचे दिवस जवळ आले कीं प्रवासाचे बेत सुरू होतात. आणि त्या बेतांत महाबळेश्वर, उटी, काश्मीर, काशी हीं नांवें येतात, नरनाळा आणि गाविलगड हीं नांवें क्वचितच येतात. दूरचें पाहूं नये असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्या मुलाला दल सरोवराचें छायाचित्र पाहतांक्षणीं ओळखतां येतें, त्याला आपल्या घरच्या नळाचें पाणी कोणत्या नदींतून येतें हें सांगतां येऊं नये, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतील प्रेक्षणीय स्थळें पाहण्याची एक वाट आम्ही येथें सुचविणार आहों. ती वाट पाण्याची आहे. खाऱ्या पाण्याच्या मैदानांतून निघून ती गोड्या पाण्याच्या डोंगराकडे जाते; आणि शेवटीं अशा एका प्रश्नापाशीं येऊन पोंचते कीं, त्याचा विचार केल्यावांचून सुज्ञ प्रवाशाला परततां येऊं नये.

जुन्या काळीं वऱ्हाडाचे तीन भाग मानीत असत. दक्षिणेकडील पठार तें बालाघाट, मधलें पूर्णेचें मैदान तें पयानघाट, आणि उत्तरेकडील सातपुड्याच्या रांगांचा प्रदेश तो मेळघाट. पयानघाटची काळी जमीन आणि तिच्यांतला कापूस यांचें नांव सर्वत्र आहे. पण त्याच जमिनीच्या पोटांत एक उणेंहि आहे. पूर्णेच्या दोन्ही तीरांवर अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाण पट्टा पसरलेला आहे. नदीनें हजारों वर्षें आणून टाकलेल्या गाळांत क्षार सांठलेले आहेत, त्यांचा निचरा होत नाहीं, आणि म्हणून तेथें विहीर खणली तर खारें पाणी लागतें. असें पाणी पिकाला चालत नाहीं व माणसालाहि मानवत नाहीं. मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार या भागांत फार जुनी आहे. आतां यांतील पुष्कळ गांवांना डोंगराच्या पायथ्याशीं बांधलेल्या धरणांतून नळानें पाणी मिळतें. अकोट-तेल्हारा भागांतील चौऱ्यांशी खेड्यांची पाणीयोजना वान नदीच्या धरणावर चालते. त्या धरणाजवळच वारी येथील हनुमंताचें देवस्थान आहे. दर्शनास जाणाऱ्या मंडळींनीं मारुतीला नमस्कार करून झाल्यावर दोन पावलें पुढें जाऊन धरणाकडेहि पाहावें, आणि खालच्या गांवांत घागर कोठून भरते हें मुलांना समजावून सांगावें.

पाण्याबद्दलची वऱ्हाडाची भक्ति पाहावयाची असेल तर श्रावणांतील शेवटच्या सोमवारीं अकोल्यास असावें. तरुणांचे मेळे गांधीग्राम येथें पूर्णेचें पाणी कावडींत भरतात, आणि सुमारे १८ किलोमीटर अनवाणी चालून तें ग्रामदैवत राजराजेश्वराला घालतात. रात्रभर रस्ता जागा असतो. ज्या पट्ट्यांत विहिरीचें पाणी तोंडांत धरवत नाहीं, त्याच पट्ट्यांतील माणसें नदीचें पाणी खांद्यावरून देवाला नेतात, यांतील भाव वेगळा सांगावयास नको.

दोन्ही शहरांत अर्ध्या दिवसाच्या सहलीस जागा पुष्कळ आहेत. अमरावतीस अंबादेवी व एकवीरा यांचें दर्शन घेऊन जुन्या परकोटाच्या कडेनें चालत जावें. पेंढाऱ्यांच्या भयानें व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठीं निजामाच्या अमदानींत १८०७ सालीं हा कोट बांधण्यास घेतला. त्याचे दरवाजे व खिडक्या यांचीं नांवें अद्यापि लोकांच्या तोंडीं आहेत. शहराच्या पूर्वेस टेकड्यांच्या कुशींत वडाळी आणि छत्री हे दोन तलाव आहेत. एके काळीं नगराची तहान त्यांवर भागत असे. आतां शहराचें पाणी मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणांतून येतें आणि हे तलाव सायंकाळच्या फेरफटक्याचे झाले आहेत. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही १९१४ सालीं स्थापन झालेली संस्थाहि मुलांना अवश्य दाखवावी. १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामने झाले, त्या वेळीं या मंडळाच्या पथकानें तेथें जाऊन आपल्या देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं होतीं.

अकोलेकरांना काटेपूर्णा जवळ आहे. महान येथील धरणाचें पाणी शहराला मिळतें, आणि त्याच्या भोंवतालच्या अरण्यांत हिंवाळ्यांत दूरदेशींचे पक्षी उतरतात. बाळापूर येथें मन व म्हैस या नद्यांच्या संगमावर जुना किल्ला उभा आहे, आणि जवळच मिर्झाराजे जयसिंग यांच्या नांवानें ओळखली जाणारी काळ्या दगडाची छत्री आहे. पुरंदरच्या तहाचा धडा शिकणाऱ्या मुलाला तीं दगडी कमान एकदां दाखविली, तर पुस्तकांतील तें नांव त्याच्या कायमचें लक्षांत राहील.

आतां डोंगराकडे वळूं. अकोटहून उत्तरेस शहानूर गांव लागतें आणि त्याच्या वर नरनाळा किल्ला. अकबराच्या काळीं 'आईन-इ-अकबरी' मध्यें वऱ्हाड सुभ्याचे जे सरकार म्हणून विभाग सांगितले आहेत, त्यांत गाविल व नरनाळा हीं दोन्ही नांवें आहेत. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा १४८७ सालीं फत्तेउल्ला इमाद-उल्-मुल्क यानें उभारला. त्यावरील नक्षी व अरबी-फारसी लेख पाहण्यासाठीं दहा मिनिटें तरी थांबावें. हा फत्तेउल्ला मूळचा कानडी ब्राह्मणाचा मुलगा, विजयनगरच्या लढाईंत पकडला गेला, अशी कथा इतिहासकार फेरिश्ता यानें दिलेली आहे. पुढें १४९० च्या सुमारास त्यानेंच वऱ्हाडची इमादशाही स्थापन केली. गडावर नऊगजी तोफ आहे. पण तिच्याहिपेक्षां पाहण्यासारखीं आहेत तीं तेथील टांकीं व तळीं. खालीं मैदानांत खारें पाणी, आणि हजारों हात उंचावर दगडांत कोरून व बांध घालून धरून ठेवलेलें गोड पाणी! ज्यांनीं हे गड बांधले त्यांना तोफेच्या आधीं पाण्याची काळजी होती. पाणी संपलें म्हणजे गड पडतो, हें त्यांस ठाऊक होतें.

अमरावतीहून परतवाडा सुमारे ५० किलोमीटर. शेजारीं इमादशाहीची राजधानी अचलपूर आहे. मूर्तिजापूरहून अचलपुरास येणारी शकुंतला ही अरुंद रुळांची गाडी कित्येकांच्या आजोळच्या आठवणींत असेल. तिचें वाफेचें इंजिन १९९४ सालीं गेलें, आणि पुढें गाडीहि थांबली. परतवाड्याहून घाट चढून गेलें कीं चिखलदरा येतें. समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवरील हें गांव विदर्भांतील एकमेव थंड हवेचें ठिकाण होय. भीमानें कीचकाला मारून येथील दरींत टाकलें, म्हणून 'कीचकदरा', आणि त्याचें चिखलदरा झालें, अशी लोकांची समजूत आहे. भीमकुंड त्या कथेची साक्ष म्हणून दाखवितात. देवी पॉइंट, हरिकेन पॉइंट, पंचबोल हीं ठिकाणें प्रसिद्धच आहेत. महाराष्ट्रांत क्वचितच दिसणारी कॉफीची झाडें येथें पाहावयास मिळतात, आणि गवळ्यांच्या घरची रबडी चाखल्याशिवाय कोणी परत येत नाहीं.

जवळच गाविलगड आहे. बहामनी सुलतान अहमदशहा वली यानें १४२५ सालीं तो मजबूत केला. १८०३ च्या नोव्हेंबरांत अडगांवच्या लढाईंत भोंसल्यांचा मोड झाल्यावर इंग्रज सेनापति आर्थर वेलस्ली यानें या गडास वेढा दिला आणि १५ डिसेंबर रोजीं तो घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढतां लढतां पडला. दोनच दिवसांनीं देवगांवचा तह झाला आणि वऱ्हाड भोंसल्यांच्या हातून गेला. हाच वेलस्ली पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन होऊन १८१५ सालीं वॉटर्लू येथें नेपोलियनशीं लढला. दिल्ली दरवाजावरील सिंह व गंडभेरुंड यांचीं शिल्पें पाहून, गडावरच्या तळ्याच्या कांठीं बसून शिदोरी सोडावी. इतिहास सांगण्यास याहून चांगला वर्ग नाहीं.

येथून पुढें मेळघाट लागतो. १९७३-७४ सालीं देशांत जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प जाहीर झाले त्यांतील हा एक. सेमाडोह, कोलकास येथें सिपना नदीच्या कांठीं मुक्काम करतां येतो. वाघ दिसेलच अशी आशा धरून जाऊं नये. गवा, सांबर, भेकर, आणि नशीब असेल तर रानपिंगळा दिसावा. हा लहानसा घुबडाच्या जातीचा पक्षी शंभराहून अधिक वर्षें नष्ट झाला असेंच समजलें जात होतें. १९९७ सालीं तो खानदेशांत शहाद्याजवळ पुन्हां सांपडला आणि नंतर मेळघाटांतहि आढळला. पावसाळ्यांत अरण्यांतील बहुतेक वाटा बंद असतात. तेव्हां पाऊस व धबधबे यांसाठीं चिखलदरा, आणि अरण्यासाठीं कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे दिवस, असा हिशेब ठेवावा.

हें अरण्यच वान, शहानूर, चंद्रभागा या नद्यांना पाणी देतें. झाडी आहे म्हणून पाऊस जमिनींत मुरतो, मुरतो म्हणून नद्या वाहतात, आणि नद्या वाहतात म्हणून खारपाण पट्ट्यांतील घागर भरते. परंतु या अरण्यांत पिढ्यान् पिढ्या राहत आलेले लोकहि आहेत. कोरकू ही मेळघाटची प्रमुख जमात. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळांतील नाहीं. ती मुंडा कुळांतील, म्हणजे दूर पूर्वेकडील संताळी-मुंडारीची बहीण आहे. १९९३ च्या सुमारास येथील बालकांच्या कुपोषणाच्या व मृत्यूंच्या बातम्यांनीं मेळघाटचें नांव देशभर गेलें. वाघासाठीं अरण्य मोकळें करावें म्हणून कोहा, कुंड, बोरी आणि त्यांच्यामागून आणखी कित्येक गांवें उठवून अकोटकडे मैदानांत वसविलीं गेलीं. कांहींनीं नव्या ठिकाणीं शाळा व रस्ता यांचा लाभ घेतला. कांहीं गांवांतील लोक मात्र, सांगितलेल्या सोयी मिळाल्या नाहींत असें म्हणत पुनः जंगलाकडे वळले, आणि २०१९ सालीं वनखात्याशीं त्यांचा संघर्षहि झाला. सातपुड्यांतील झऱ्याचें पाणी पिणारे लोक मैदानांत उतरले आणि त्यांच्या झऱ्याचें पाणी आपल्या नळांत आलें, हें या सहलीचें दुसरें अंग आहे.

असा प्रकार आपल्याच देशांत घडतो असें नाहीं. अमेरिकेंत लुइझियाना प्रांतांत संथ पाण्याचे फांटे व दलदली यांनीं भरलेला 'बायू'चा प्रदेश आहे. तेथील केजन लोक मूळचे कॅनडाच्या किनाऱ्यावरील अकेडियाचे फ्रेंच रहिवासी; १७५५ पासून इंग्रजांनीं त्यांना तेथून हांकून लाविलें. लुइझियानांत स्थिरावल्यावरहि १९२१ च्या प्रांतिक घटनेनें शाळांतून इंग्रजीच सक्तीची केली, आणि फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊं लागल्या. आज त्याच लोकांचें खाणें, त्यांचें सारंगीचें संगीत व त्यांच्या होड्या हेंच त्या प्रदेशाचें आकर्षण आहे. आणि १९६८ पासून सरकारच त्या भाषेच्या रक्षणासाठीं झटत आहे. पाहुणे दलदल पाहण्यास येतात. होडी पुष्कळदां तेथलाच माणूस चालवितो, कथा तोच सांगतो, आणि मिळकत त्याच्या घरीं जाते. भाषा जवळजवळ गेल्यावर शहाणपण सुचलें, एवढेंच दुःख.

आपणांस हें शहाणपण वेळेवर सुचण्यास हरकत नाहीं. म्हणून गृहस्थांनीं व गृहिणींनीं चार गोष्टी लक्षांत ठेवाव्या. वाटाड्या घ्यावयाचा तर तो कोरकू किंवा गवळी घ्यावा, आणि त्याची मजुरी घासाघीस न करतां द्यावी. त्याच्या घराचीं, बायका-मुलांचीं छायाचित्रें विचारल्यावांचून काढूं नयेत. माणसें हीं प्रेक्षणीय स्थळें नव्हेत. मुलांनीं त्याच्याकडून पांच झाडांचीं कोरकू नांवें शिकून यावीं. गडावरील टांक्यांत उष्टें, कागद, प्लास्टिक कांहीं टाकूं नये. जें तेथें टाकाल तें ओढ्यावाटे खालीं येतें.

एक शब्द घरच्या व्यवस्थेविषयीं. एकत्र कुटुंबाची सहल म्हणजे पुष्कळदां पुरुषांची व मुलांची सहल, आणि स्त्रियांच्या वाट्याला नुसती जागा बदललेली चूल, असें होतें. आंवळीभोजनाला किंवा हुरड्याला सर्वजण हौसेनें जातात. पण रोडगे भाजण्याचें आणि वांग्याची भाजी करण्याचें काम पुरुषमंडळींनीं पत्करलें, तर सासूबाईंना व सुनांना तळ्याच्या कांठीं बसण्यास दोन घटका मिळतील. वृद्धांसाठीं गडाची चढण टाळून चिखलदऱ्याची सपाट सडक किंवा काटेपूर्णेचा कांठ निवडावा. त्यांना मागें ठेवून जाण्याचें कारण नाहीं. शकुंतलेच्या गोष्टी, दुष्काळाच्या आठवणी, विहीर खारी निघाल्यावर गांवानें काय केलें याची हकीकत त्यांच्याजवळ आहे. ती ऐकून घेण्यास प्रवासासारखी निवांत वेळ दुसरी नाहीं.

येत्या कार्तिकांत आंवळीभोजनाचा बेत ठरेल तेव्हां वऱ्हाडांतील कुटुंबांनीं तो डोंगराच्या पायथ्याशीं, एखाद्या धरणाच्या कांठीं ठरवावा. जेवण झाल्यावर मुलांना पाण्याकडे तोंड करून बसवावें आणि दोनच प्रश्न विचारावे: हें पाणी कोठून आलें, आणि येथून तें कोणाच्या घरीं जातें? उत्तर मुलांनीं शोधूं द्यावें. वडील माणसांनीं घाई करूं नये.